रत्नागिरी, चिपळूण बोलतेय

गेल्या डिसेंबरात मी चिपळूणला जाऊन आले. रत्नागिरीहून चिपळूण म्हणजे काही परदेश नव्हे. पण जिच्याकडे गेले तिला मी त्याआधी एकदाही पाहिलेलं नव्हतं, आणि तरी एके काळी नऊ वर्षं आम्ही जवळजवळ रोज एकमेकींशी बोललो होतो.

मी टेलिफोन ऑपरेटर. 1981 साली लागले तेव्हा आमचं खातं पोस्टाबरोबर एकत्रच होतं, 1985 मध्ये वेगळं झालं. ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल जोडायच्या बोर्डावर, नेमणूक. समोर भोकाभोकांचा उभा बोर्ड, पुढ्यात दोऱ्यांच्या जोड्या, डोक्यावर हेडसेट, हाताशी तिकिटांचा गठ्ठा आणि सुतळीने बांधलेली पेन्सिल. (सुतळी एवढ्यासाठी, की पेन्सिली घरी जायच्या. माझ्याही घरी दोन गेल्या.) कोणी 180 फिरवून कॉल बुक केला की तिकीट लिहायचं, आणि मग त्या त्या गावाच्या ऑपरेटरला उठवायचं. नावं माहीत असली तरी हाक गावाचीच. "राजापूर, कुठे गेलीस गो?" "देवरुख, तुझी पार्टी लाइनवर घे." "कणकवली, सर्किट सोड ना बाई." मी अर्थात रत्नागिरी. घरी जाऊन नवऱ्याने हाक मारली तरी क्षणभर वाटायचं, हा कोणाला बोलावतोय?

चिपळूण 1982 ला आली. आवाज थोडा घोगरा, आणि वाक्याच्या शेवटी एक बारीकसं हसू, जणू आपण दोघी कोणाची तरी खोडी काढतोय. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "रत्नागिरी, तुमच्याकडे सुपरवायझर मागे उभा राहतो की पुढे?" मी म्हटलं, मागे. "मग हळू बोल," म्हणाली.

ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉल असायचे. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. लाइटनिंग म्हटलं की आमच्या पोटात गोळा यायचा, कारण आठपट पैसे माणूस दोनच वेळी मोजतो: घरात कोणी गेलं असेल तर, नाहीतर आंब्याचा भाव पडला असेल तर. एप्रिल-मेमध्ये बागाईतदार आणि दलाल आम्हाला जेवू द्यायचे नाहीत. मुंबईच्या बाजारात आज पेटीला काय मिळालं ते शहरात सगळ्यांच्या आधी आम्हाला कळायचं. कोणाचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता. पण लाइन चालू आहे ना हे बघायला कॉलमध्ये डोकवावं लागे, आणि डोकावल्यावर कान काही मिटता येत नाहीत.

पावसाळ्यात तर ऐकण्याशिवाय गत्यंतर नसे. तारा खांबांवरून गेलेल्या, त्यावर झाड पडलं की संपलं. लाइन असलीच तरी आत कढईत काहीतरी तळत असल्यासारखा आवाज. दोन्हीकडची माणसं नुसती "हॅलो, हॅलो" ओरडायची. मग आम्ही मध्ये पडून त्यांची वाक्यं पुढे पोचवायचो. 1984 च्या पावसाळ्यातला असा एक कॉल मी विसरलेले नाही. रत्नागिरीतले एक गृहस्थ, मुलगी चिपळूणला बाळंत झालेली, फोनवर जावई. ऐकू काहीच येईना.

"चिपळूण, काय झालं विचार."

"मुलगी झाली म्हणून सांग. बाळंतीण सुखरूप."

मी सांगितलं. गृहस्थ गप्प. मला वाटलं, झालं, आता मुलगी म्हणून नाराज. तर म्हणाले, "त्यांना विचारा, नाक कोणासारखं आहे?" मी तो प्रश्न पुढे ढकलला. पलीकडून जरा वेळ नुसती खरखर. मग चिपळूण म्हणाली, "आजोबांसारखं आहे म्हणतात." गृहस्थ फोनवरच रडायला लागले. तीन मिनिटं कधीच उलटून गेली होती. मी तिकिटावर तीनच लिहिली.

नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली एसटीडी-पीसीओचे पिवळे बोर्ड लागले, लोक परगावचा नंबर थेट फिरवू लागले आणि आमचा बोर्ड आधी अर्धा, मग पूर्ण उठला. मला 197 वर, नंबरांच्या चौकशीला, बसवलं, नंतर बिलाच्या खिडकीवर. आता लोक मला तोंडावर शिव्या देऊ शकत होते. चिपळूणची कुठेतरी आत बदली झाली म्हणून कळलं. फोन खात्याच्या बायका आम्ही, मनात आणलं असतं तर फुकटात बोललो असतो. पण बोलायला मध्ये काहीतरी काम लागतं, ते उरलं नव्हतं. ऑक्टोबर 2000 मध्ये खात्याचं बीएसएनएल झालं. 2019 मध्ये मी निवृत्त झाले. पुढच्या जानेवारीत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली आणि देशभरातून 78 हजारांच्या वर माणसं एका दिवसात घरी गेली. त्यात चिपळूणही होती, हे मला पुढे दीड वर्षाने कळलं.

लॉकडाउनमध्ये आमच्यातल्या एका उत्साही बंधूंनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी महागाई भत्ता, रात्री कोणाच्या तरी गुडघ्यांचा एक्स-रे. मी तो म्यूट करून ठेवला होता.

22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्यात गेलं. वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलंय ते टीव्हीवर दिसत होतं, फोन मात्र एकही लागत नव्हता. मी म्यूट काढलं. ग्रुपवर सगळे "चिपळूणकरांनी हजेरी द्या" म्हणून लिहीत होते, पण जी हजेरी मला हवी होती तिचा नंबरच कोणाकडे नव्हता. आडनाव बदललं असेल तर तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ग्रुपमध्ये कोणीतरी एक नवा नंबर घातला. त्यावरून एक आवाजी निरोप आला, सात सेकंदांचा.

"रत्नागिरी, चिपळूण बोलतेय. लाइन चालू झाली गो."

घोगरेपणा वाढला होता, ते हसू मात्र तसंच. मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद करायला हवा होता, केला नाही. आमटी लागली.

तेव्हापासून आम्ही बोलत होतो, आठवड्यातून दोनदा, दुपारी साडेतीनला. भेटायचं ठरवायचो आणि ऐन वेळी कोणाचं तरी काहीतरी निघायचं. आमच्या ग्रुपचं स्नेहसंमेलन रत्नागिरीत झालं तेव्हा तिला जिने चढवत नव्हते. (ते संमेलन म्हणजे मुलं कुठे, साखर किती आणि पेन्शन कधी सुधारणार. जेवण बरं होतं.) शेवटी मीच गाडीत बसले.

दार तिनेच उघडलं, आणि दोघी चक्क लाजलो. माझ्या मनातली चिपळूण उंच, सडपातळ, लांब वेणीची. समोर होती एक गुटगुटीत, माझ्या खांद्याला लागणारी बाई, गळ्यात चष्म्याची दोरी. तिच्याही चेहऱ्यावर हिशेब चुकल्याचं दिसत होतं. "मला वाटलं तू गोल असशील," म्हणाली. मी बसले. तिने पाणी दिलं. भिंतीवर खिडकीच्या वरपर्यंत पुराची रेघ होती, तिथे पेन्सिलने तारीख घातलेली. "नवा रंग काढताना तेवढी पट्टी सोडायला लावली," ती म्हणाली. मी बरं म्हटलं. तिने मुलांची चौकशी केली, मी तिच्या मुलांची. मग ती पंख्याकडे बघत राहिली आणि मी त्या रेघेकडे. फोनवर तासतासभर बोलणाऱ्या आम्ही, समोरासमोर दहा मिनिटांत संपलो. आता परतीच्या गाडीपर्यंत काय करायचं, असं मला खरंच वाटलं.

"घावणं टाकते," म्हणून ती आत गेली. तव्यावर पीठ पडल्याचा चर्र आवाज झाला, आणि त्या आवाजामागून तिने हाक मारली.

"रत्नागिरी!"

"बोल."

"ते नाकवाले आजोबा आठवतात?"

"न आठवायला काय झालं?"

"जावयाने तेव्हा फोन ठेवला होता गो. नाकाचं मीच सांगितलं."

मी इतकी हसले की पाण्याचा पेला लवंडला. मग मीही बाहेरून, भिंतीकडे तोंड करून, त्या तिकिटावरच्या तीन मिनिटांचं सांगितलं. "म्हणजे दोघींनाही मेमो मिळाला असता," ती आतून म्हणाली. त्यानंतर ती एकेक घावण टाकत राहिली आणि आम्ही आतून-बाहेरून बोलत राहिलो. देवरुखचं लग्न, राजापूरचा तापट नवरा, कणकवलीला ऐन चाळिशीत आलेलं आजारपण, सगळं निघालं. घावणं आणि नारळाचा रस घेऊन ती बाहेर आली की आम्ही जरा गप्प व्हायचो. म्हणून मी पाच घावणं खाल्ली. खरं तर दोनच्या वर खाववत नाहीत मला.

संध्याकाळी गाडी संगमेश्वर सोडून पुढे गेली तेव्हा तिचा फोन आला. पुराच्या दिवशी माळ्यावर बसून काय काय केलं ते सांगायचं राहिलं होतं म्हणे. मघाशी समोर बसून रेघ दाखवली, पण हे नाही सांगितलं. उक्षी गेलं, ती बोलत होती. मग करबुड्याचा बोगदा आला. साडेसहा किलोमीटर अंधार, रेंज गेली. मी फोन कानाला तसाच धरून बसले, समोरची मुलगी माझ्याकडे बघत होती.

गाडी उजेडात आली आणि फोन पुन्हा वाजला.

"लाइन डाउन झाली होती," चिपळूण म्हणाली. "कुठवर आलो होतो आपण?"