न मागता काय मिळावं?

विश्रामबागेतला माझा लॅपटॉप आणि मार्केट यार्डाजवळ दादाच्या ऑफिसातला जुना डेस्कटॉप, दोन्हींवर खाली डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे आणि वर गीक्स होम, म्हणजे आपल्या खात्यातले प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज एका फाइलीवरून लावून देणारं साधन. स्कीम या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका फाइलीत पॅकेजेस, शेलची सेटिंग्ज, मागे चालत राहणाऱ्या सर्व्हिसेस लिहायच्या आणि ‘गीक्स होम रीकॉन्फिगर’ चालवायचं. बिघडलंच तर ‘रोल-बॅक’ करून आधीच्या स्थितीत परत जायचं. गीक्सच्या १.४.० आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, ही सोय आहे.

दादाची फाइल मीच सांभाळते, त्यामुळे एक प्रश्न सतत समोर येतो. ज्याने फाइलीत काहीच मागितलं नाही, त्याला आपोआप काय मिळायला हवं?

काही गोष्टी गीक्स होम न विचारताच देतं, ‘इसेन्शियल’ नावाच्या आतल्या यादीतून: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रॅमांना मिळणारी सेटिंग्ज), फाइलींच्या सिमलिंक्स (मूळ फाइलीकडे नेणारे दुवे), आणि फॉन्ट कुठे शोधायचे ते सांगणारं फॉन्टकॉन्फिग. यातल्या फॉन्टकॉन्फिगबद्दल मला विशेष आपुलकी आहे. गीक्सने बसवलेले फॉन्ट ‘.गीक्स-होम’च्या प्रोफाइलमध्ये राहतात, डेबियनला तिथे बघायचं माहीतच नसतं. फॉन्टकॉन्फिगमधली ती एक नोंद नसती, तर फाइलीत देवनागरीसाठी नोटो फॉन्ट लिहूनही बेदाण्याच्या सौद्याच्या पट्टीवर शेतकऱ्यांच्या नावांऐवजी रिकामे चौकोन आले असते. दादा म्हणाला असता, “अगं, तूच बसवलंस ना हे?” आणि फॉन्टकॉन्फिग हे नाव त्याला कधीच सुचलं नसतं.

माझी कसोटी इथूनच येते. जे नसलं तर नुकसान होतं, पण काय नाही हे वापरणाऱ्याला कळतच नाही, ते आधीपासून असावं.

लॉग रोटेशन, म्हणजे प्रोग्रॅमांच्या जुन्या नोंदवह्या वेळोवेळी बाजूला काढणं, या कसोटीला पुरेपूर उतरतं. दादाकडे दोन संगणकांतल्या फाइली जुळवत ठेवणारं सिंकथिंग दिवसभर चालतं, हिशेबाच्या फाइली माझ्याकडे येत राहतात. त्याचा लॉग होममधल्या ‘.लोकल/स्टेट’खाली साठतो. कुणी हात लावला नाही तर तो वाढतच जाणार, आणि स्वतः उठून लॉग साफ करणारा माणूस मी तरी यार्डात पाहिलेला नाही. आठवड्याला जुना लॉग बाजूला काढून दाबून ठेवणारी सर्व्हिस ‘बेस-होम-सर्व्हिसेस’ या यादीत ठेवली आहे, ते मला मनापासून पटतं. यादी फाइलीत डोळ्यांना दिसते. नको असेल त्याने ‘मॉडिफाय-सर्व्हिसेस’मध्ये ‘डिलीट’ लिहावं. हीच सर्व्हिस ‘इसेन्शियल’ यादीत दडवली असती, तर ती काढणं नवख्याला जमलं नसतं.

दुसऱ्या संगणकांवर लॉगिन करायच्या किल्ल्या सांभाळणारा एसएसएच-एजंट मात्र यादीत नको. किल्ल्या कुणाच्या हाती द्यायच्या, हे ज्याचं त्याने ठरवावं. रात्री पडद्याचा रंग उबदार करणारं रेडशिफ्ट, बॅटरी उतरली की सांगणारं बॅटसिग्नल यांचंही तेच. दादाच्या डेस्कटॉपला बॅटरीच नाही.

डीबसवर, म्हणजे प्रोग्रॅमांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून चालणाऱ्या सर्व्हिसवर, मी बराच विचार केला. ग्राफिकल प्रोग्रॅमांना तो लागतो, आवाज सांभाळणाऱ्या पाइपवायरलाही लागतो, मग द्यावा की सगळ्यांना, असं वाटतं. पण गीक्स होम फक्त गीक्स सिस्टिमवर, म्हणजे गीक्सच्या स्वतःच्या लिनक्सवरच, चालतं असं नाही. डेबियनवर लॉगिन करताच सर्व्हिसेस चालू करणारं तिथलं सिस्टिमडी सेशनचा डीबस उभा करून देतं. त्यावर आपला दुसरा चालू केला, तर काही प्रोग्रॅम एकाशी बोलतील, काही दुसऱ्याशी, आणि सूचना मधेच हरवतील. गीक्स सिस्टिम वापरणाऱ्याने एक ओळ स्वतः लिहावी. दादाच्या फाइलीत ती मी घालणार नाही.