“एएमटीला एवढं चालतं, सर!”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की सर्व्हिस सेंटरवाल्यांनी ते आपल्या काचेच्या दारावरच छापून घ्यावं.

गाडी सेकंडहँड, छोटी हॅचबॅक, 2018 चं मॉडेल. भांडुप ते अंधेरी रोज क्लच दाबून डाव्या गुडघ्याने मान टाकली होती, म्हणून क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी एएमटीच हवी होती. मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि फॉर्म 30, आरसीवर नाव, इन्शुरन्स, वॉरंटी माझ्या नावावर करणं, सगळं सुरळीत झालं.

सकाळी गाडीबद्दल काडीची तक्रार नाही. संध्याकाळी मात्र जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) अर्धा-पाऊण तास रखडलं, की पहिल्यावरून दुसरा गिअर पडताना दणका बसायचा. मग चढावर डिस्प्लेवर ‘एन’, म्हणजे न्यूट्रल, लुकलुकायचा, अॅक्सिलरेटर दिला तर इंजिन नुसतंच ओरडायचं आणि गाडी मागे सरकायची. मागे बेस्टची बस असली की सगळे देव आठवतात.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी सकाळी जमा करायची. त्यांचा ड्रायव्हर थंड गाडी रिकाम्या रस्त्यावर एक चक्कर मारून आणणार, “प्रॉब्लेम येत नाही” म्हणणार, आणि बिलावर काय, तर वॉशिंग आणि जनरल चेकअप. पुढच्या खेपेला तेच. एकदा तर सर्व्हिस अॅडव्हायजरने मलाच गाडी कशी चालवायची ते शिकवलं. त्यातली एक गोष्ट खरी आहे, तीही सांगून टाकतो: चढावर थांबलात तर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा. एएमटी म्हणजे आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं नि गिअर बदलायचं काम तेवढं तुमच्याऐवजी अॅक्च्युएटर नावाचं यंत्र करतं. अॅक्सिलरेटरवर तोललेली गाडी म्हणजे अर्धवट पकडलेला क्लच, आणि तो घासून तापतो. हे मला आधीपासून माहीत होतं आणि मी तसं करतही नव्हतो. पण ऐकतो कोण?

हलका झटका एएमटीत असतो, मान्य. पण चालत्या गाडीचा गिअर आपोआप न्यूट्रलला पडणं हे कुठल्या हिशेबात ‘चालतं’?

मधल्या काळात नाक्यावरच्या मिस्त्रीने बॅटरीची वायर काढून पुन्हा लावायचा उपाय सुचवला होता. दोन दिवस बरं वाटतंही म्हणे. करू नका. बऱ्याच गाड्यांत त्याने साठलेले एरर कोड पुसले जातात, आणि मग सर्व्हिस सेंटरला “काहीच दिसत नाही” म्हणायला आयतं कारण मिळतं. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनरही बहुतेक वेळा इंजिनाचेच कोड दाखवतो, गिअरबॉक्सचे नाही.

शेवटी मी हट्टाला पेटलो. जॉबकार्डवर “जनरल चेकअप” खोडायला लावून माझ्या शब्दांत लिहून घेतलं: ‘गाडी गरम झाल्यावर चढावर गिअर न्यूट्रलला पडतो.’ गाडी संध्याकाळी घेऊन गेलो आणि सुपरवायझरला म्हटलं, तुम्ही चालवा, मी बाजूला बसतो. गांधीनगरच्या पुलावर, ऐन गर्दीत, ‘एन’ लुकलुकला. गाडी मागे सरकली, मागून हॉर्न सुरू झाले, आणि साहेबांचा डावा पाय नसलेला क्लच शोधायला लागला. दोन-तीनदा दाबला, मॅटवर! मी काही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती.

त्यानंतर कंपनीचा स्कॅनर लागला. क्लच पोझिशनचा कोड निघाला. तरी पहिलं कोटेशन अख्ख्या अॅक्च्युएटरचं! आधी क्लच किती घासलाय ते दाखवा म्हटल्यावर गिअरबॉक्स उतरवला. प्लेट रिव्हेटपर्यंत आली होती. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदललं, अॅक्च्युएटर ठणठणीत. क्लच प्लेट झिजणारा पार्ट म्हणून वॉरंटीत बसत नाही, तेव्हा पैसे माझेच गेले, पण अॅक्च्युएटरच्या मानाने फार कमी.

गाडी घरी आणली तर झटका तसाच. कारण नवीन प्लेट टाकल्यावर क्लच नेमका कुठे पकडतो ते स्कॅनर लावून कॉम्प्युटरला शिकवावं लागतं आणि ते करायचं राहिलं होतं. ते काम काही मिनिटांचं निघालं. ‘क्लच लर्निंग केलं का?’ हे पैसे द्यायच्या आधी विचारा, आणि जुनी प्लेट मागून घ्या. माझी बाल्कनीत पडली आहे.

आणि सेकंडहँड एएमटी बघायला जाणार असाल तर संध्याकाळची वेळ मागा. ट्रॅफिकमधून फिरवून आणा, मग सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर रिव्हर्स चढवून बघा. जळका वास आला किंवा गाडी थरथरली, तर क्लचचे पैसे किमतीतून कापून बोला. मालक ‘सकाळीच या’ म्हणत असेल तर जाऊच नका.