चाळीस दिवसांमागचं पाणी

28 जुलै, देवगड तालुका. रात्रीचे साडेदहा.

सकाळपासून पाऊस एकसारखा लागलाय. जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पुण्याहून दोन जुन्या विद्यार्थिनींचे मेसेज आले. हा दिवस म्हणजे बारूख ब्लमबर्ग यांचा जन्मदिवस. ते 'बी' काविळीवाले, 1976 चे नोबेलवाले. माझी सगळी नोकरी घाण पाण्यातून पसरणाऱ्या 'ई' काविळीचा विषाणू शोधण्यात गेली, तिला अजून कोणी वाढदिवस दिलेला नाही.

संध्याकाळी खालच्या वाडीतला एक पोरगा आला. डोळे हळदीसारखे, लघवी काळ्या चहासारखी, अन्नावर वासना नाही. मी सवयीने विचारलं, मिरगाचा पाऊस लागला तेव्हा कुठल्या विहिरीचं पाणी पीत होतास?

"काल काय जेवलंय ता आठवत नाय, आणि तुमी म्हयन्याआधीचा पाणी इचारतास?"

हसू आलं, पण माझ्या धंद्यातली सगळी अडचण त्याने एका वाक्यात सांगितली. हा विषाणू पोटात गेल्यावर दोन ते दहा आठवडे गप्प बसतो, बहुतेकदा पाच-सहा. माणूस पिवळा पडेपर्यंत विहिरीचा गढूळपणा खाली बसलेला असतो. आमच्याकडे तर कातळाला भेगा. वरच्या अंगाला शोषखड्डा आणि खालच्या अंगाला विहीर असली की पहिल्याच जोराच्या पावसात दोघांची गाठ पडते. गणपतीला आलेला चाकरमानी हेच पाणी पिऊन जातो आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुंबईत आडवा होतो. रुग्ण मोजला जातो तिकडे, विहीर राहते इकडे.

दिल्लीची 1955-56 ची साथ मी वर्गात दरवर्षी शिकवायचे. नजफगड नाल्याचं सांडपाणी यमुनेत, वझिराबादला शहराचं पिण्याचं पाणी उपसतात तिथपर्यंत, मागे आलं. पाण्यात क्लोरीन वाढवलं, त्याने जंतू मेले, टायफॉइड वाढला नाही. विषाणू मात्र तगला आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. पुढची वीस-पंचवीस वर्षं तिला 'ए' कावीळच समजत होते. मग 1980 साली त्या साथीतल्या रुग्णांचं, कुणीतरी जपून ठेवलेलं रक्तद्रव्य तपासलं, तर त्यात 'ए' चा पत्ताच नाही. पुढे 1983 मध्ये बालायान नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा गाळ स्वतः पिऊन आपल्याच विष्ठेत हा विषाणू पाहिला. मुलं 'शी' म्हणायची. माझं मन मात्र त्या अनामिक माणसात अडकायचं, ज्याने बाटलीवर नीट चिठ्ठी लावून ती फ्रीजरात ठेवली.

रुग्णांच्या रक्ताचे नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत आणायचे म्हणजे आमची वरातच असायची. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून बर्फ घ्यायचा, तो थर्मासमध्ये भरायचा आणि एसटीने रात्रभर घाट चढून पुणं गाठायचं. एकदा शेजारची आजी म्हणाली, "सुरमई हा काय गो? माका एक तुकडी दी." रक्त आहे म्हटल्यावर ती खिडकीकडे सरकली ती कोल्हापूरपर्यंत वळली नाही. आणखी एका खेपेला गाडी घाटात रात्रभर अडकली, बर्फ वितळला, चौदा नमुने वाया. त्या वाडीत परत जायला तोंड नव्हतं, तरी गेले.

आजच्या त्या पोराच्या गळ्यात काविळीची माळ होतीच. परवा आंब्याच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत हातही धुवून झालेत. पाणी पिवळं झालं म्हणे. होणारच, निरोगी माणसाचं पण होतं. मी काही बोलले नाही. ही कावीळ बहुतेकांची आपली आपणच उतरते, श्रेय माळेला जातं. जाईना.

"घरात अजून कोण?" विचारलं. बायको, सातवा महिना.

तेव्हा मात्र आवाज चढला माझा. पोटुशी बाईला शेवटच्या महिन्यांत ही कावीळ झाली तर शंभरात वीस-पंचवीस जणी जातात. तरुणपणी एका वाडीत मी पोचायच्या आदल्या दिवशीच अशा एकीला स्मशानात नेलं होतं. तिच्या घरी रक्त मागायची हिंमत झाली नाही.

तिला आजपासून उकळलेलंच पाणी, तेही खळखळ उकळलेलं. उद्या सकाळी आरोग्य केंद्रात तपासायला ने म्हटलं. सरपंचांना फोन केला, पाणी शुद्ध करायची टीसीएल (क्लोरीनची) पावडर ग्रामपंचायतीत आहे, पण विहिरीत कोणी टाकलेली नाही. उद्या मी स्वतः उभी राहणार.

बोटांवर मोजलं. तिनेही तेच पाणी तेव्हाच प्यायलं असेल, तर अजून चार आठवडे धाकधूक आहे. कॅलेंडरवर त्या तारखेला खूण केली. पाऊस वाढलाय.