गव्हाचा तिसरा दिवस

वरच्या काकूंनी कुरडयांसाठी गहू भिजत घातलेत हे मला कुणी सांगावं लागत नाही. दुपारी जिन्यात पाऊल टाकलं की नाकच सांगतं, आज तिसरा दिवस. बाकीचे नाकाला पदर, रुमाल लावून पळतात. मी उगाच हळू चढते. हा वास मला आवडतो, हे बिल्डिंगमध्ये बोलायची मात्र सोय नाही.

आजी रोज पाणी बदलायची, तरी पातेल्यावर फेस यायचाच. मी पातेल्याला कान लावून बसायचे. आत बारीक चुरचुर चाललेली असायची. ‘हात घालशील तर बघ,’ एवढंच आजी म्हणायची. मग गहू वाटून, सत्त्व गाळून गरम चीक शिजायचा. त्यावर कच्चं तेल, नाहीतर दूध-साखर. गच्चीत सोऱ्या फिरायला लागेपर्यंत निम्मा चीक आम्हा पोरांच्या पोटात.

त्या चुरचुरीचा हिशेब पुढे कॉलेजात कळला. बुडालेल्या दाण्याला कोंब काढायची घाई, पण पाण्याखाली प्राणवायूची मारामार. मग तो साखर मोडून, वायूचे बुडबुडे सोडत मद्य करत बसतो, आणि भोवतालचे जिवाणू लॅक्टिक आम्ल. मोकळ्या हवेत पेशी ग्लुकोजच्या एका रेणूतून सुमारे ३० एटीपी, म्हणजे ऊर्जेची सुटी नाणी, काढते. हवेविना जेमतेम २. बाकीची ऊर्जा त्या आम्लात, मद्यात तशीच पडून राहते. म्हणजे त्या बिचाऱ्यांना जे पचवता आलं नाही, ते आपण दही, ताक, आंबोळी म्हणून मिटक्या मारत खातो. माझी काही तक्रार नाही.

जिवंत पेशीशिवाय आंबणं नाही, असं फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरचं ठाम मत. १८९७ साली जर्मनीत एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबून रस काढला. अख्खी पेशी म्हणून त्यात उरली नाही. रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, मोरांब्याला घालतात तशी. रस टिकायचा राहिला बाजूला, बुडबुडायलाच लागला! पेशी मेली तरी तिची विकरं, म्हणजे एन्झाइम, कामावर हजर. १९०७ साली त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि १९१७ साली, महायुद्धात, रोमानियाच्या आघाडीवर जखमी होऊन तो गेला. वय ५७. त्या वयाच्या प्राध्यापकाला लढाईवर धाडतात तरी कशाला?