दोघांनाही उभं राहायचं होतं

बारावीला राज्यशास्त्र शिकवताना मतविभागणीच्या उदाहरणासाठी मला सोलापूरच्या बाहेर जावं लागत नाही. २०१९ची लोकसभा: जयसिद्धेश्वर स्वामी ५,२४,९८५, सुशीलकुमार शिंदे ३,६६,३७७, प्रकाश आंबेडकर १,७०,००७. मुलं फळ्यावर बेरीज करतात. दुसऱ्या-तिसऱ्याची मिळून ५,३६,३८४ भरते आणि वर्गात कुजबुज सुरू होते. मागे पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी उठून म्हणाली, “पण मॅडम, आंबेडकरांची सगळी मतं शिंदेसाहेबांनाच पडली असती कशावरून?”

तिच्या या प्रश्नासाठीच मी पुढच्या तासाला दक्षिण कोरिया घेते.

जून १९८७मध्ये तिथली माणसं लष्करशाहीविरुद्ध रस्त्यावर उतरली. अश्रुधुराचं नळकांडं डोक्यात बसून ली हान-योल हा विद्यार्थी कोसळला आणि ५ जुलैला गेला. २९ जूनला सत्ताधाऱ्यांचे उमेदवार रोह ते-वू यांना राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक मान्य करावी लागली. हे रोह १९७९च्या लष्करी बंडातले जनरल. त्यांना हरवायची संधी विरोधकांच्या दारात आली होती. पण किम यंग-साम आणि किम दे-जुंग, दोघांनाही उभं राहायचं होतं. त्याच वर्षी दोघांनी मिळून काढलेला पक्ष फुटला आणि दे-जुंगांनी आपली वेगळी चूल मांडली. १६ डिसेंबरचा निकाल: रोह ३६.६ टक्के, यंग-साम २८, दे-जुंग २७. दुसरी फेरी नव्हतीच.

नव्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला पाच वर्षांची एकच मुदत होती, पुन्हा उभं राहता येत नव्हतं. म्हणजे एकाने आधी, दुसऱ्याने नंतर! याहून सोपी तडजोड कुठे मिळायची? ज्यांची पोरं त्या आंदोलनात गेली, त्यांना या दोघांनी काय उत्तर दिलं असेल, या विचाराने मला आजही संताप येतो. दे-जुंगांच्या गोटात तर हिशेब होता की रोह, हे दोघे आणि किम जोंग-पिल असे चौघे रिंगणात असले तर प्रांताप्रांतांत मतं वाटली जातील आणि आपणच येऊ.

आता त्या मुलीचा प्रश्न. यंग-साम आग्नेयेच्या बुसानकडचे, दे-जुंग नैर्ऋत्येच्या होनाम प्रांतातले. एकाने माघार घेतली असती तरी त्याची काही मतं रोह यांच्याकडे वळलीच असती, त्यामुळे २८ अधिक २७ हा हिशेब कच्चा आहे. माझ्या मते खरं नुकसान मतदानाच्या आधीच झालं. होनाममधल्या ग्वांगजू शहरात यंग-साम यांची सभा दे-जुंगांच्या समर्थकांनी उधळली. जूनमध्ये खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसं नोव्हेंबरात एकमेकांवर धावून जात होती, आणि रोह यांना तेच हवं होतं.

पुढे १९९०मध्ये यंग-साम रोह यांच्याशीच हातमिळवणी करून एका पक्षात गेले आणि १९९२ला दे-जुंगांना हरवून राष्ट्राध्यक्ष झाले. दे-जुंग निवडून आले ते १९९७ला, ४०.३ टक्के मतांवर. तेव्हा फूट सत्ताधारी पक्षात पडली होती: अधिकृत उमेदवाराला ३८.७ टक्के आणि त्यांच्यातूनच बाहेर पडलेल्याला १९.२.