स्टिरिओ कार्डाचा अख्खा स्कॅन मिळवताना

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या बो ब्रिजचं जुनं स्टिरिओ कार्ड एका संग्रहाच्या सूचीत सापडलं. स्टिरिओ कार्ड म्हणजे पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी चिकटवलेले दोन फोटो; दोन डोळ्यांनी एकेक पाहिला की खोली असलेलं एकच चित्र दिसतं. अर्ज केला, पैसे भरले, काहीच अडलं नाही. अडलं ते स्कॅनपाशी. आलं फक्त डावं चित्र. विचारलं तर उत्तर, "दोन्ही फोटो सारखेच आहेत, म्हणून एकच पाठवला."

सारखे नसतातच ते! कॅमेऱ्याच्या दोन भिंगांमधलं अंतर ६५ मिमी किंवा थोडं जास्त असतं. त्यामुळे काठावरची जवळची फांदी उजव्या चित्रात मागच्या पुलाच्या मानाने किंचित डावीकडे सरकते. खोली दिसते ती या सरकण्यामुळेच. एक चित्र वगळलं की उरतो पुलाचा साधा फोटो.

मग दोन्ही चित्रं आली, पण वेगवेगळी कापलेली आणि प्रत्येकाचा कॉन्ट्रास्ट निराळा. एका डोळ्याला तळं पांढरं, दुसऱ्याला करडं दिसलं की चित्र लुकलुकतं आणि डोकं दुखतं. पुठ्ठ्याची कडही उडवलेली. प्रकाशकाचं नाव आणि क्रमांक बहुधा तिथेच छापलेला असतो. याचा मला अजूनही राग येतो.

म्हणून अर्जातच स्पष्ट लिहा: संपूर्ण कार्ड (सुमारे ९ × १८ सेंमी), चारही कडांसह, एकाच स्कॅनमध्ये, निदान ६०० डीपीआय, टिफ फाइल, आपोआप होणारी रंगसुधारणा बंद.

आणि हो, मागची बाजूही मागा. तिथे कराचं तिकीट असेल तर कार्ड सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ या काळात विकलेलं. अमेरिकेत फोटोंवर तो कर तेवढाच काळ होता. ही विक्रीची तारीख झाली, फोटो त्याआधीचाही असू शकतो. पूल १८६२ चा, त्यामागे मात्र जाता येत नाही.

साधारण १८८० पासूनचे पुठ्ठे मुद्दाम वाकवलेले असतात. स्कॅनरचं झाकण दाबलं तर फोटोवरच्या अल्ब्युमिनच्या (अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या) थराला तडे जातात. अशा कार्डाचा वरून कॅमेऱ्याने फोटो काढायला सांगा.

अखेर अख्खं कार्ड आलं आणि जीव भांड्यात पडला. स्टिरिओ फोटो मेकर या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये आधी तिरकेपणा काढा, मग उंची जुळवा, आडवं अंतर शेवटी. फांदी पुलाच्या मागे गेल्यासारखी वाटली तर डावं-उजवं बदलून पाहा. काही कार्डांवर चित्रं मुळातच उलटी चिकटवलेली असतात.