चूकवही, सांगली : 'हॅड'मध्ये गेलेला पावसाळा

नवीन मंडळींसाठी आधी थोडक्यात. विश्रामबागेत रविवारी संध्याकाळी आमचा इंग्रजीचा कट्टा भरतो. शिकवणी नाही, फी नाही, परीक्षा नाही. येणाऱ्यांना इंग्रजी वाचता येतं, कामापुरतं बोलताही येतं, पण वाक्य जरा लांबलं की गाडी अडते. मिरजेच्या एका दवाखान्यातली नर्सताई, हळदीच्या पेढीवरचे काका, तासगावहून येणारा बेदाणा निर्यातीच्या ऑफिसातला मुलगा, इंजिनिअरिंगची काही पोरं आणि एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, ज्यांना आम्ही अजून मास्तरच म्हणतो. काका आणि मास्तरांना एबीसीडी पाचवीत भेटली. पोरांच्या वेळेपर्यंत, म्हणजे २००० नंतर, मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आलेलं होतं. तरी दोघांच्या चुका मात्र अगदी त्याच! मला नाद आहे तो या चुका गोळा करण्याचा. ऐकलेलं वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवायचं, ते कुठून आलं हे शोधायचं आणि कशानं सुटतं ते बघायचं. तुमच्यातले बरेच जण आपापल्या गावी हाच उद्योग करतात, म्हणून या मोसमाचा हिशेब मांडते.

मे अखेर

वहीची मांडणी बदलली. पूर्वी काळ, आर्टिकल, शब्दयोगी अव्यय असे व्याकरणाच्या पुस्तकासारखे भाग होते. आता रकाने उगमाप्रमाणे आहेत : मराठीतून आलेल्या, शाळेतून आलेल्या आणि नुसत्या तोंडातून सुटलेल्या. शेवटच्या रकान्याची कल्पना पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाची. १९६७ च्या एका निबंधात त्यानं घसरलेली जीभ आणि मनात पक्का बसलेला चुकीचा नियम यांत फरक केला. आमची कसोटी साधी आहे. वाक्य झालं की कुणी काही बोलायचं नाही, नुसतं बोलणाऱ्याकडे बघायचं. त्यानं स्वतःच सुधारलं तर ती जीभ, शेवटचा रकाना. तो निवांतपणे पुढे गेला तर तो नियम, पहिल्या दोन रकान्यांपैकी एक.

मधला रकाना माझ्या अंदाजापेक्षा जास्त भरतोय. नमुना घ्या : 'आय डोंट नो व्हेअर इज ही.' याचं खापर सगळे मराठीवर फोडतात, पण मराठीचा इथे काही संबंध नाही. आपण 'तो कुठे आहे' म्हणतो, क्रियापद शेवटी. तसंच ठेवलं असतं तर 'व्हेअर ही इज' हे बरोबर वाक्य आपसूक मिळालं असतं. प्रश्न आला की 'इज' पुढे आणा, हे शाळेत इतकं घोटून घेतलेलं असतं की प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला तरी हात थांबत नाही. 'पोटातल्या प्रश्नाला मराठी क्रम' एवढं सांगितल्यावर पोरांची ही चूक बरीच आवरली. मास्तरांची अजून नाही.

जून

यंदाचा पावसाळा एका शब्दात गेला : हॅड.

'यस्टर्डे आय हॅड गॉन टु कोल्हापूर.' 'लास्ट संडे वी हॅड सीन वन पिक्चर.' 'आय हॅड टोल्ड हिम ऑन फोन.' कट्ट्यावर हे न बोलणारं कुणी नाही, आणि खालचं व्याकरण विचारलं तर नियम सगळ्यांना तोंडपाठ : भूतकाळात दोन क्रिया, आधीच्या क्रियेला हॅड. उदाहरणही ठरलेलंच : डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता. पिढ्यान्‌पिढ्या तो रोगी मरतोय. नर्सताई वैतागून म्हणाली, "दरवेळी डॉक्टरच का उशिरा येतो हो यांचा?"

नियम पाठ, उदाहरण पाठ, तरी काल कोल्हापूरला 'हॅड गॉन'. इथे मी अडले आणि इंग्रजी बाजूला ठेवून मराठीकडे वळले. समजा, काका पेढीवर बसून सांगतायत, "काल मी कोल्हापूरला गेलो." ऐकणारा काय म्हणेल? "बरं, मग?" वाक्य अधांतरी राहतं, आता पुढची हकीकत यायला हवी. तेच काका "काल मी कोल्हापूरला गेलो होतो" म्हणाले की विषय मिटला. गेले, आले, संपलं. आपल्या 'होतो'चा इथे दोन क्रियांशी संबंधच नाही. गोष्ट झाली, मागे पडली, एवढंच तो सांगतो.

इंग्रजीत नेमकं उलट आहे. 'आय वेंट टु कोल्हापूर यस्टर्डे' हे मिटलेलं, पुरं वाक्य. 'आय हॅड गॉन' म्हटलं की ऐकणारा वाट बघत राहतो, की बाबा, कशाच्या आधी गेला होतास? म्हणजे मराठीत 'गेलो' ऐकून 'मग?' येतं आणि इंग्रजीत 'हॅड गॉन' ऐकून. ही जागा हाती लागल्यावर मी दोन क्रियांचा नियम सांगणंच सोडून दिलं. तो खोटा नाही, पण बोलणाऱ्याच्या डोक्यात तो प्रश्नच नसतो. त्याला फक्त 'होतो' म्हणायचं असतं.

उपाय म्हणून खेळ काढला. कुणी 'हॅड' म्हणालं की सगळ्यांनी एका सुरात 'अँड देन?' विचारायचं. पुढची गोष्ट असेल तर हॅड राहू दे, नसेल तर वेंट.

"आय हॅड गॉन टु कोल्हापूर."

"अँड देन?"

"देन काय? आलो की परत."

"मग वेंट, काका."

"वेंट तर वेंट."

चूक ऐकून तेच वाक्य आपण बरोबर करून म्हणायचं, 'ओ, यू वेंट टु कोल्हापूर?', असं तुमच्यातले पुष्कळ जण करतात. सभ्य रीत आहे, पण माझ्या वहीत तिची कमाई फार कमी. समोरचा 'येस, येस' म्हणून पुढे जातो. त्याला वाटतं, आपली विचारपूस चाललीय. लिस्टर आणि रांटा या संशोधकांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत हेच पाहिलं. १९९७ च्या त्यांच्या निबंधात शिक्षक सर्वांत जास्त वापरतात ती दुरुस्तीची रीत हीच, आणि मुलं स्वतः वाक्य सुधारण्याचं प्रमाण सर्वांत कमी तेही हिच्यातच. 'अँड देन?'मध्ये उत्तर आपण देत नाही, ते बोलणाऱ्यालाच शोधावं लागतं. माझा कौल या बाजूला.

जुलै-ऑगस्ट

आता हॅड कुठे नको ते कळलं. कुठे हवा, याचं उदाहरण मात्र त्या रोग्यापेक्षा बरं हवं होतं. ते कृष्णेनंच दिलं. सांगलीत पाऊस लागला की जो तो आयर्विन पुलाकडचा आकडा विचारतो. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. त्यात २०१९ चा महापूर सगळ्यांनी अंगावर काढलेला. तेव्हा त्या रविवारी विषय दिला : पाणी.

काकांनी पोत्यांची गोष्ट सांगितली. आधी त्यांचं वाक्य असं होतं : 'व्हेन द वॉटर केम, वी शिफ्टेड द बॅग्ज अपस्टेअर्स.' मी ते फळ्यावर लिहिलं आणि त्याखाली दुसरं : 'व्हेन द वॉटर केम, वी हॅड शिफ्टेड द बॅग्ज अपस्टेअर्स.' विचारलं, कोणत्या वाक्यातली हळद वाचली? बेदाण्याचा मुलगा दोन्ही वाक्यं मोठ्यानं वाचून म्हणाला, "खालच्या. वरच्यात पाणी आल्यावर पळापळ चाललीय." काका ताडकन म्हणाले, "मग खालचंच लिहा! आमची कोरडी होती." त्या दिवसापासून कट्ट्यावर हॅडची कसोटी हीच : पोती कोरडी की ओली? नर्सताईनं तिच्या गल्लीचं वाक्य स्वतः केलं : 'व्हेन वी वोक अप, द वॉटर हॅड एंटर्ड द लेन.' इथून हॅड काढला तर पाणी आणि माणसं एकाच वेळी जागी होतात.

आता त्या रोग्याचं बघा. वाक्यात 'बिफोर' किंवा 'आफ्टर' असलं की आधी काय, नंतर काय हे तो शब्दच सांगतो. 'द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर केम' हे निर्दोष इंग्रजी आहे. म्हणजे हॅड शिकवायला निवडलेलं आपलं नामांकित उदाहरण हे हॅड नसला तरी चालणाऱ्या जागेचं निघालं. शिकवायचंच असेल तर 'व्हेन' घ्या, 'बिफोर' नको.

पावसाच्या गप्पांत 'इट इज रेनिंग सिन्स थ्री डेज' येणारच होतं. आपलं 'पासून' सोमवारलाही लागतं आणि तीन दिवसांनाही, शिवाय क्रियापद वर्तमानातच राहतं : तीन दिवसांपासून पाऊस पडतोय. त्यामुळे एका वाक्यात दोन चुका. कॅलेंडरवर बोट ठेवता आलं तर सिन्स, बोटांवर मोजता आलं तर फॉर, आणि दोन्हीकडे 'हॅज बीन रेनिंग'. हे लवकर बसतं, जास्त वेळ घालवू नका.

'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट' ही आपल्या जरी-तरीची जोडी. दोघांपैकी एकालाच घरात घ्या.

सप्टेंबर

बेदाण्याच्या मुलानं एक खरीखुरी अडचण आणली. त्यानं परदेशी गिऱ्हाइकाला लिहिलं होतं, 'वी विल डिस्पॅच ऑन मंडे ओन्ली.' त्याला म्हणायचं होतं सोमवारीच पाठवतो, म्हणजे नक्की पाठवतो. गिऱ्हाईक विचारत होतं, तुम्ही आठवड्यातून एकाच दिवशी माल पाठवता का?

आपला 'च' तीन कामं करतो. 'सोमवारीच पाठवतो' यात तो ठाम आहे, 'हाच माणूस' यात नेमका, आणि 'एकच पेटी' यात फक्त. ओन्ली यातलं तिसरंच काम करतो. म्हणून इंग्रजीत जाण्याआधी 'च' काढून त्या जागी मराठीतच 'नक्की', 'नेमका' किंवा 'फक्त' घालून बघायचं. 'फक्त' बसलं तरच ओन्ली. 'नक्की' बसलं तर 'डेफिनेटली'. 'हाच माणूस'ला 'द सेम मॅन' किंवा 'धिस व्हेरी मॅन', जसा प्रसंग असेल तसं. नुसतं 'ओन्ली लावू नका' सांगून हे सुटत नाही, कारण 'च'शिवाय मराठी माणसाला वाक्य पुरं झाल्यासारखं वाटतच नाही.

त्याचीच दुसरी तक्रार फोनवरची. 'हॅवंट यू रिसीव्ह्ड द सॅम्पल?' याला आपण 'येस' म्हणतो, मनात 'हो, नाही मिळालं' असतं. आपला 'हो' विचारणाऱ्याला दुजोरा देतो. इंग्रजी 'येस' म्हणजे मिळालं. इथे एकच सांगते : नुसत्या येस-नोवर थांबायचं नाही, 'नो, वी हॅवंट' असं शेपूट लावूनच बोलायचं. दोन वाक्यं गेली तरी चालतील, माल चुकायला नको.

'प्रीपोन', 'कझिन ब्रदर', 'आउट ऑफ स्टेशन' यांना मी हात लावत नाही. भारतभर सगळ्यांना कळतं, अर्थाचा घोटाळा होत नाही, आणि प्रीपोन तर ऑक्सफर्डच्या कोशातही जाऊन बसलाय. एका इंजिनिअरिंगच्या पोराला ही सगळी वाक्यं 'गावठी' वाटतात. त्याला म्हटलं, आधी तुझं 'डिस्कस अबाउट' काढ, मग बोलू.

सध्या

आर्टिकल सुरू केलंय. 'अ' की 'ॲन' हा प्रश्न आपल्यासाठी संपलेला आहे असं मी धाडसानं म्हणते. शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. एसटी, एमआयडीसी, एफआयआर, अवर, ऑनेस्ट : सगळ्यांना ॲन. युनिव्हर्सिटी, युरोपियन, यूपीआय, वन-वे : य आणि व, म्हणून अ. इंग्रजी स्पेलिंग बघून गोंधळ होतो, बाराखडी बघून होत नाही. मास्तरांनी लगेच 'ॲन एसटी' घोकायला घेतलं.

'द' मात्र डोकेदुखी आहे. नद्यांना लागतो, डोंगररांगांना लागतो, गावाला लागत नाही : द कृष्णा, द सह्याद्रीज, पण नुसती सांगली, नुसती मिरज. ही यादी पाठ होते. खरी अडचण साध्या नामांची आहे, 'आय वेंट टु मार्केट' आणि 'द ओनर टोल्ड मी' अशी. मराठीत ही ओळख आपण शब्दांच्या क्रमानं, 'तो'-'ते' लावून किंवा काहीच न लावता भागवतो, त्यामुळे हॅडसारखी एक नेमकी जागा अजून हाताला लागलेली नाही. सध्या एकच करतोय : बोलणाऱ्यानं 'द' लावला की ऐकणाऱ्यानं 'कोणता?' विचारायचं. ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असेल तर द बरोबर.

'द' गाळलेली किंवा जादा लावलेली वाक्यं तुमच्याकडे असतील तर हवी आहेत. पाठवताना दुरुस्त करू नका. जसं ऐकलं तसं लिहा, बोलणारा साधारण काय काम करतो ते टाका, आणि ऐकणाऱ्यानं त्यावर काय विचारलं तेही.